मोल आणि भाव

वाटणीच्या दाव्यांत जमीन, घर, सोने यांचा मेळ बसतो; पुष्कळदा अडते ते वडिलांच्या घड्याळापाशी. त्याची किंमत यादीत मांडता येते, परंतु ते सोडावयास कोणी राजी नसतो. उंची यांत्रिक घड्याळांना पुढेही मोल राहील काय, या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला येथेच दिसते.

25 डिसेंबर 1969 रोजी जपानच्या सेइको कंपनीने पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीस काढले आणि अचूकपणाच्या शर्यतीत किल्लीचे घड्याळ कायमचे मागे पडले. 1975 साली स्वित्झर्लंडमधील झेनिथच्या अमेरिकन मालकांनी यांत्रिक घड्याळे बंद करण्याचा हुकूम काढला. शार्ल व्हेर्मो या कारागिराने तो न जुमानता हत्यारे व साचे माळ्यावर दडविले. 1984 मध्ये त्यांच्याच आधारे ते काम पुन्हा सुरू झाले. म्हणजे लोकांस नुसती वेळ नको होती.

भावाची गोष्ट निराळी. 2017 साली नट पॉल न्यूमन यांचे रोलेक्स न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 1 कोटी 77 लाख डॉलरांना गेले; तो भाव पोलादाचा नव्हे, त्या मनगटाचा. उलट 2022 नंतर जुन्या घड्याळांच्या बाजारात चढलेले भाव पुष्कळ उतरले. भावाची हमी कोणी देऊ नये व कोणी मागू नये.

मोल मात्र टिकेल, एका अटीवर. यंत्रातील चाक झिजले तर नवे कातून बसविता येते. पण ते कातणारा हात हवा. घड्याळे जपणाऱ्यांनी तिजोरीइतकीच त्या हातांचीही काळजी वाहावी.