माँटगोमेरी : पायी चाललेला अहिंसाधर्म

अमेरिकेतील अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी. नगराच्या मध्यवर्ती चौकात एक कारंजे आहे. तेथून निघणारा डेक्स्टर मार्ग हळूहळू चढत राज्याच्या विधानभवनापाशी संपतो. चालत गेल्यास पंधरा मिनिटांचे अंतर. याच चौकात एके काळी कृष्णवर्णीय माणसांचा लिलाव होत असे. वर, विधानभवनासमोर, १८६१ मध्ये गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांच्या अध्यक्षाने शपथ घेतली. आणि त्या भवनापासून हाकेच्या अंतरावर लाल विटांचे एक साधे चर्च उभे आहे. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग येथे धर्मोपदेशक होते.

१ डिसेंबर १९५५ रोजी शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स याच चौकात बसमध्ये चढल्या. गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून कृष्णवर्णीय नागरिकांनी बसकडे पाठ फिरवली, ती तब्बल ३८१ दिवस.

या सत्याग्रहामागे काटेकोर व्यवस्था होती. बसचे सुमारे तीन-चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय असल्याने कंपनीच्या गल्ल्याला झळ बसली. कोणी मैलोन्‌मैल पायी गेले, कोणी आपली मोटार सर्वांसाठी दिली. त्या मोटारींचे विमे रद्द होऊ लागले, तेव्हा लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारातून संरक्षण मिळवण्यात आले. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकिणीची नोकरी गेली. त्यांनी घरीच चूल मांडली आणि इतर स्त्रियांसह खाद्यपदार्थ विकून चळवळीला पैसा पुरवला.

खरी कसोटी चर्चपासून काही अंतरावरील एका लाकडी घरी लागली. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री किंग यांच्या या निवासस्थानाच्या ओसरीवर बॉम्ब फुटला. आत पत्नी कोरेटा आणि अवघ्या अडीच महिन्यांची कन्या होती. दोघी बचावल्या. बाहेर संतप्त जमाव गोळा झाला. काहींच्या हाती शस्त्रे होती. सत्तावीस वर्षांचे किंग सभेतून धावत आले, घरच्यांना सुखरूप पाहिले आणि त्याच ओसरीवर उभे राहून त्यांनी लोकांना शस्त्रे घरी नेण्यास व शत्रूवरही प्रेम करण्यास सांगितले. जमाव शांतपणे पांगला.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. २१ डिसेंबर १९५६ रोजी लोक पुन्हा बसमध्ये बसले, तेव्हा विजयाची फुशारकी न मारता सौजन्याने वागावे, अशी सूचना नेत्यांनी आधीच दिली होती. ओसरीवर क्रोध जिंकला गेला होता. बसमध्ये मानकषायावर जय मिळवायचा होता. त्यानंतरही बसवर गोळ्या झाडल्या गेल्या, घरे-चर्चेही बॉम्बच्या माऱ्यातून सुटली नाहीत. तरीही त्यांनी अहिंसेचा मार्ग सोडला नाही.

१९५९ मध्ये किंग भारतात आले आणि मुंबईच्या मणिभवनात राहिले. गांधीजींचे मुंबईतील हे निवासस्थान मूळचे रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे. त्यांच्याच पेढीत श्रीमद् राजचंद्र भागीदार होते, आणि अहिंसेच्या चिंतनात गांधीजींनी ज्यांचे ऋण आदराने मानले, ते हेच राजचंद्र. जवाहिरांच्या पेढीवर जपलेला विचार माँटगोमेरीच्या रस्त्यावर अनवाणी मनाने चालला, आणि ज्या चौकात माणसांचे मोल ठरत असे, तेथेच माणूस अनमोल ठरला.