पोच

दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे तुमच्याही बिल्डिंगच्या लॉबीत खोक्यांचा ढीग लागत असेल. कुणाच्या पणत्या, कुणाचा आकाशकंदील, कुणाच्या सासूबाईंनी सांगलीहून कुरिअरने धाडलेल्या चकल्या. त्यातलं एखादं खोकं दरवर्षी गायब होतं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतो, 'कुणी चुकून उचललंय का?' त्या 'चुकून'मध्ये आपण काय काय झाकतो, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

सूक वाकिफला तुम्ही जाताच. भारतातून पाहुणे आले की आपण सगळे त्यांना तिथेच नेतो. पुढच्या वेळी मसाल्यांच्या गल्लीत हमालांकडे जरा नीट पाहा. अंगात मरून जाकीट, हातात एकचाकी गाडा, आणि बरेचसे वयाने उतरलेले. तुम्ही तांदळाचं पोतं, खजूर, सुकं लिंबू घेता, ते गाड्यात पडतं आणि हमाल तुमच्याबरोबर पार्किंगपर्यंत येतो. गाडीच्या डिकीत सामान ठेवलं, पैसे दिले, व्यवहार संपला. घेणारा, नेणारा आणि माल, तिघेही सगळा वेळ एकमेकांच्या नजरेसमोर. 'मिळालंच नाही' असं म्हणायला तिथे कुणालाच जागा नाही. ('हमाल' हा शब्द अरबीतूनच आपल्याकडे आला. 'वाकिफ' म्हणजे उभा असलेला, आणि जाणकारही. आपला 'वाकबगार' त्याच घराण्यातला.)

ऑनलाइन खरेदीत ही नजरच जाते. गोदाम, ट्रक, सॉर्टिंग, रायडर, बिल्डिंगचा नातूर, मग तुमचं दार. इतके हात, आणि यातले फारसे कुणी एकमेकांना ओळखत नाहीत.

त्यात दोहात 'घरपोच' ही कल्पना तशी नवीच. आम्ही आलो तेव्हा पत्ता म्हणजे ऑफिसचा पी.ओ. बॉक्स. घर सांगायचं तर 'राउंडअबाउटनंतर दुसरं उजवीकडे, पिवळ्या व्हिल्यासमोर'. आता इमारतीवर निळी पाटी असते: झोन, रस्ता, इमारत. राष्ट्रीय पत्त्याचा कायदा २०१७चा, आणि २०२० साली आपण सगळ्यांनी धावतपळत आपापला पत्ता नोंदवला. पण पाटी रायडरला इमारतीपर्यंत आणते. पुढचे सोळा मजले त्याचे तो शोधतो. म्हणून ऑर्डर देताना फ्लॅट नंबर, मजला आणि दिवसा खरोखर उचलला जाणारा फोन नंबर लिहा. एवढ्यानेही निम्मी खोकी वाचतील असा माझा अंदाज आहे.

आता तरुण वाचकांशी थोडं. मागे एका वाढदिवसाला कॉलेजातल्या एका मुलाने मला शिकवलं. वस्तू आली तरी अ‍ॅपवर 'मिळाली नाही' दाबायचं. दोन दिवसांत पैसे परत, हेडफोनही आपलेच. "काकू, एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो?" मुलगा वाईट नाही. त्याने कंपनी पाहिली होती, माणूस पाहिला नव्हता.

माणूस आमच्या दारात आठवड्यातून दोनदा येतो. नेपाळचा आहे. अशीच एक तक्रार त्याच्यावर आली होती. त्याने काढलेल्या फोटोत दार होतं, पायपुसणं होतं, फ्लॅट नंबर तेवढा नव्हता. त्याच्या त्या महिन्याच्या पगारातून पैसे कापले गेले. कोणत्या कंपनीने, ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून तो खोकं नंबराच्या पाटीला टेकवून फोटो काढतो आणि दोनदा तपासतो. १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावरचं काम इथे बंद असतं. म्हणजे उरलेल्या तासांत सगळी खोकी पोचवायची, आणि त्यात हे फोटो.

खोट्या तक्रारीची झळ आणखी कुणाला लागते, माहीत आहे? ज्याचं खोकं खरंच गेलंय त्याला. 'मिळालं नाही' म्हणणाऱ्यांची संख्या वाढली की ओटीपी येतो, पेटी उघडतानाचा व्हिडिओ मागतात, वजनाची नोंद काढतात, आधीच्या तक्रारी मोजतात. ओटीपीची कटकट वाटते खरी, पण माझा त्याला पाठिंबा आहे. अट एकच: खोकं हातात आल्यावरच आकडा सांगायचा. 'मॅडम, नंबर द्या, खाली ठेवतो' याला ठाम नाही म्हणा.

आपल्या जुन्या पिढीला यात नवं काही वाटू नये. रजिस्टर एडीचं कार्ड आठवतंय? पत्र घेणाऱ्याची सही घेऊन ते परत आपल्याकडे यायचं, आणि आजोबा ते खिळ्याच्या तारेत ओवून ठेवायचे. भारतीय डाक खात्याने २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळून टाकलं. मुंबईचे डबेवाले तर १८९०पासून डब्याच्या झाकणावरच्या रंगांवर आणि आकड्यांवर काम चालवत आले आहेत, सहीशिवाय. तिथे रोज तोच डबा, तेच दार आणि बहुधा तोच माणूस. कार्डाला आपण पोचपावती म्हणत होतो. ज्याला दुसऱ्याची अडचण कळत नाही त्यालाही आपण 'याला पोच नाही' म्हणतो. त्या मुलाला मी हे दोन्ही अर्थ सांगितले. तो हसला. पुढे काय केलं ते मी विचारलेलं नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये यंदा आम्ही बायकांनी मिळून नातूरला एक जाड वही आणून दिली. तारीख, फ्लॅट, खोकं कुणी ठेवलं, कुणी नेलं, सही. नातूर केरळचा, त्याला मराठी नाव लिहिताना घाम फुटतो, म्हणून फक्त फ्लॅट नंबर. कुणाचं खोकं दुसऱ्याने उचललं तर आता 'चुकून' म्हणायच्या आधी वही उघडते. वसुबारसेच्या आदल्या दिवशी पाहिलं तर वहीत एकच ओळ सहीविना होती. खोकं टेबलाखालीच होतं, साजूक तुपाचा वास येत होता, आणि वर कुणीतरी फक्त 'जोशी, दोहा' एवढंच लिहिलं होतं. आमच्या इमारतीत जोशी तीन.