दाराशी आलेल्यांची नोंद

धर्मग्रामाच्या कचेरीत नोंदवह्यांना मोठा मान असतो. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या जपणे हे धर्मसभेच्या कायद्यानेच (कलम 535) आपल्यावर सोपवलेले कर्तव्य आहे. अंधेरी पूर्वेस, सीप्झच्या आवारात, कोंडिविट्याचे 1579 सालचे संत जॉन बाप्टिस्टाचे चर्चमंदिर भग्नावस्थेत उभे आहे. 1840 च्या सुमारास रोगाच्या साथीमुळे लोक ते सोडून मरोळला गेले. भिंती अशा मागे राहतात. पण माणूस कोणाचा कोण, हे वहीच सांगते.

आम्ही अंधेरीतल्याच एका धर्मग्रामात दाखल्यांचे वेब अ‍ॅप्लिकेशन सांभाळतो. ते कचेरीतल्या लहानशा सर्व्हरवर चालते. हा सर्व्हरही स्वतःची वही लिहीत असतो; तिला लॉग म्हणतात. दाराशी कोण आले त्याचा आयपी पत्ता, वेळ, मागणी आणि मिळालेल्या उत्तराचा तीन अंकी क्रमांक, एवढे एका ओळीत असते. क्रमांक दोनने सुरू झाला तर मागणी पुरी झाली; चारने, तर मागणीतच काही चुकले, जसे 404 म्हणजे मागितलेले पान नाही; आणि पाचने, तर दोष आपल्याच घरात आहे.

एकदा एका जोडप्याचे लग्न चार दिवसांवर आले असताना दाखले निघेनासे झाले. लॉगमध्ये लॉगिनचे पान मागणाऱ्या शेकडो ओळी होत्या, त्याही दुपारी तीनच्या. त्या दुपारी कचेरीत एकच तरुण स्वयंसेवक होता. कुजबूज सुरू झाली. वाचकहो, एका गरीब घरच्या मुलाचे नाव कलंकित व्हायला तेवढे पुरे असते.

आम्ही ओळी क्रमाने वाचल्या. वेळेपुढे +0000 असे लिहिले होते, म्हणजे ती आपली वेळ नव्हे; तिच्यात साडेपाच तास मिळवले की रात्रीचे साडेआठ होतात. त्या वेळी कचेरीला कुलूप असते. शिवाय आलेले सगळे वर्डप्रेसचे दार शोधत होते, आणि आमच्याकडे वर्डप्रेस नाहीच. जगभरच्या सर्व्हरांची दारे ठोठावत फिरणारे ते यांत्रिक प्रोग्राम होते. दाखल्यांच्या ओळींपुढे मात्र 500 होते. चुकांच्या वेगळ्या लॉगमध्ये कारणही सापडले : बॅकअपच्या प्रतींनी डिस्क भरली होती. जुन्या प्रती हलवल्या आणि दाखला त्याच संध्याकाळी निघाला.

तेव्हापासून आम्ही एक पथ्य पाळतो. आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे. मोबाईलच्या जाळ्यात एकाच पत्त्याआड अनेक लोक असू शकतात. एका ओळीवरून कोणाचा न्याय करू नये. आधीची आणि नंतरची ओळ वाचावी, आणि पाचने सुरू होणारे क्रमांक सर्वांत आधी पाहावेत.

सर्ट-इन या शासकीय यंत्रणेने 2022 साली कंपन्या, सेवा पुरवणारे आणि शासकीय संस्था यांना लॉग 180 दिवस जपण्यास सांगितले. आम्हीही तेवढेच दिवस ठेवतो, मग पुसून टाकतो. स्नानसंस्काराची वही पिढ्यान्‌पिढ्या राहावी, कारण ती माणसाला आपले म्हणते. कोण केव्हा दाराशी आला, याची नोंद मात्र काम सरल्यावर विसरण्यातच सौजन्य आहे.