वहीतलं नाव

आमचं गाव पोंभुर्णा तालुक्यातलं. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. मी दहावीपर्यंत शिकलो, अक्षर बरं आहे, म्हणून ग्रामसभेनं जंगलाच्या समितीचं सचिवपण माझ्या गळ्यात घातलं. वही लिहायची, एवढंच तर काम, असं वाटलं. वर्ष सरलं तेव्हा समजलं का वही लिहिणं नांगर धरण्यापेक्षा जड असते.

2006 चा वनहक्क कायदा आला, तेव्हापासून जंगलाबद्दल गावानं बसून ठरवायचं, अशी सोय झाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क भेटला. आमच्या शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये भेटला. या दोन गावांच्या गोष्टी आमच्याकडे पारावर निघत. मेंढ्यात हात वर करून मतं मोजत नाहीत, सगळ्यांना पटेस्तोवर बोलत राहतात. पाचगावानं तर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. पत्ता चांगला फुटावा म्हणून झुडपं छाटतात, जाळ लावतात, अन् त्यात जंगलाची नासाडी होते, म्हणून.

आमच्या सभेतही हा विषय निघाला. पण 70 पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून मे महिन्यात जो पैसा येते, त्याच्यावरच मृगाचं बियाणं अन् पोरांची पुस्तकं येतात. बायका म्हणाल्या, "पत्ता बंद केला तं जून महिन्यात खायाचं काय?" त्याला कोणापाशी उत्तर नव्हतं. तीन बैठका झाल्या. शेवटी सगळ्यांना पटलं ते एवढंच : पत्ता तोडायचा, पण जंगलात आग लावायची नाही. मोहाखाली पालापाचोळा जाळायचा नाही, झाडून घ्यायचा. कोवळा बांबू तोडायचा नाही. जो मोडेल त्याला 500 रुपये दंड अन् तीन दिवस जंगलाचं काम. मी ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. माझ्या थोरल्या भावानं, दादानंही केली.

जानेवारीतच पहिला माणूस सापडला. टोल्यावरचा मजूर, घराच्या कुडासाठी कोवळे बांबू आणले होते. त्यानं कबूल केलं, पैसे दोन हप्त्यांत भरले. मी त्याचं नाव वहीत ठळक लिहिलं, खाली रेघही मारली. नियम म्हणजे नियम, असं भाषणही केलं.

फेब्रुवारीत आम्ही जाळरेषा झाडून काढल्या. मार्च लागला अन् मोह गळू लागला. फुलं रातची गळतात, उजाडायच्या आत वेचावी लागतात. आता वाघाच्या भ्यानं चार-पाच घरं मिळून जातात. खाली वाळला पाला असला तर फूल दिसत नाही, म्हणून आमचे बापजादे पाला जाळत आले. ती सवय एका ठरावानं कशी जाईल?

एका दुपारी धूर दिसला. सारा गाव धावला. हिरव्या डहाळ्यांनी झोडपून झोडपून आग विझवली तेव्हा दिवस बुडाला होता. बांबूच्या सतरा रांजी जळाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आगीचा माग काढत मागं मागं गेलो. काळी जमीन आमच्या बापाच्या मोहापाशी सुरू होत होती. वाटणीत तो मोह दादाकडे गेला आहे.

मी घरी आलो. वही उघडली. लिहिलं, "आग कोणी लावली ते समजलं नाही."

त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, "अंगात ताप आहे का जी?" मी काही बोललो नाही.

सभा बसली. कायद्याच्या ठरावांना निम्मी माणसं लागतात अन् हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया लागतात. आम्ही हाच मोजमाप सगळ्या सभांना लावला होता. बाया मोह वाळवून आल्या तेव्हा सभा सुरू झाली. एक म्हातारी, जिला अक्षर वाचता येत नाही, म्हणाली, "वाच गा, का लिहलं थे."

मी वाचलं.

"अन् आग कोनाच्या मोहाखालून चढली, थे तुले दिसलं नाही का?"

सारे गप. टोल्यावरचा तो मजूर समोरच बसला होता. तो काही बोलला नाही. नुसता वहीकडे पाहत होता. त्याला वाचता येत होतं. त्याच वहीत त्याचं नाव होतं, खाली रेघ मारलेलं.

माझे कान तापले. मी उभा राहिलो अन् म्हणालो, "दिसलं होतं. आमच्या दादाच्या मोहाखालून. मी खोटं लिहिलं."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. दादा बराच वेळ खाली पाहत होता. मग म्हणाला, "लिही. तुयाच हातानं लिही."

मी खोट्या ओळीवर एकच रेघ मारली, खाली खरं लिहिलं. त्याखाली माझंही नाव लिहिलं, खोटी नोंद केली म्हणून, तेवढाच दंड. कोणी म्हणालं, सचिव बदला. म्हातारी म्हणाली, "राहू द्या, आता नाही लिहाचा खोटा."

दादानं पैसे भरले, तीन दिवस कामही केलं. पण माझ्याशी बोलणं टाकलं. आमच्या बांध्या लागून आहेत, त्याच्या बांधीतलं पाणी माझ्या बांधीत उतरते. रोवण्याच्या दिवसांत पाऊस दडला, तेव्हा मनात आलं, आता हा धुरा बांधून पाणी अडवेल. त्यानं पाणी अडवलं नाही. पण बोललाही नाही. बांधावर दोघं पाठीला पाठ लावून उभे असू.

तान्ह्या पोळ्याला त्याचा नातू लाकडाचा बैल घेऊन बोजारा मागायला दारात आला. म्हणाला, "आजोबानं सांगितलं, पयले तुमच्याच घरी जाजो." मी त्याला पैसे दिले. बायको आत जाऊन डोळे पुसत होती.

पुढच्या मोहाला मी पहाटे जंगलात गेलो तर बापाच्या मोहाखाली कोणी खराटा मारत होतं. दादाच होता. पाला एका बाजूला लोटून त्यानं खाली वहिनीचं जुनं लुगडं अंथरलं होतं. मला पाहून म्हणाला, "कंबर धरली गा. जाळनंच सोपं होतं."

मी दुसरा खराटा घेतला.

वही अजून माझ्यापाशी आहे. पोरगा म्हणते, ते पान फाडून टाका, आता कोण पाहते? मी फाडलं नाही. त्या पानावर एक रेघ मारलेली ओळ आहे अन् तिच्याखाली दोन भावांची नावं आहेत. जळालेल्या जागी पावसाळ्यात वास्ते फुटले. सतरातल्या अकरा रांजी पुन्हा उभ्या राहिल्या. सहा राहिल्या नाहीत. तेही वहीत लिहिलं आहे.