वाट कुणाच्या बापाची?

सात-बारा म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातला एक कागद. पण आमच्या गावात माणसं तो कपाळाला चिकटवून हिंडतात. गेल्या आषाढात चुलता वारला. मसणवट्याची वाट ज्याच्या उसातून जाते त्या बागायतदारानं महिनाभर आधीच ती जेसीबीनं उकरून तार ओढली होती. तिरडी ओढ्यातून न्यावी लागली. कमरेएवढं पाणी. मढं भिजलं, बाया काठावरच राहिल्या.

जलदानविधी उरकला आन मी त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, "जमीन माझ्या नावावर हाय. तुझा आज्या कधी माझ्या आज्याला इचारल्याबिगर हितनं गेला का रं? जोहार घालून जायचा."

खरं आहे. आज्या विचारूनच जायचा. न विचारता गेला असता तर तंगडं जाग्यावर राहिलं असतं का? पण त्या बोलण्यात किती विष आहे ते वकिलाकडं गेल्यावर कळलं. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा म्हणतो, दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षं उघडपणे, शांततेनं, खंड न पडता आणि हक्क म्हणून चाललात, तर वाट तुमची. हक्क म्हणून! परवानगी काढून शंभर वर्षं चाला, हक्क होत नाही. ज्यांना हक्कानं पाऊल टाकू दिलं नाही त्यांनाच कायदा विचारतो, बाबांनो, हक्कानं चालला होतात का?

१९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे. बांधावरून वाट मागता येते, पण ज्याला शेत आहे त्याला, शेतापर्यंत. १९०६ चा मामलतदार कोर्टाचा कायदा अडवलेली वाट खुली करून देतो, सहा महिन्यांच्या आत गेलात तर. तीही शेतीचीच वाट. आमचं त्या अंगाला शेत नाही. नुसती मढी आहेत.

मग भूमी अभिलेखातनं गावनकाशा काढला. दोन दिवस हेलपाटे. नकाशात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट, रुंदी सव्वाआठ फूट. आमच्या वाड्यापासून मसणवट्यापर्यंत एकेरी रेघ सरळ गेलेली, त्याच्या गटातून. आन गंमत बघा, त्याच्याच सात-बारावर तेवढा तुकडा पोटखराबा लागलेला. त्याचा सारासुद्धा तो भरत नाही! जमीन त्याची असंल, वाट बुजवायचा अधिकार त्याचा नाही. आज्यानं जोहार घातला काय, न घातला काय, रेघ तिथंच होती.

हे 'आमच्या मालकीचं' नवं नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह उभा राहिला तेव्हा सवर्णांनी कोर्टात हेच सांगितलं, तळं आमचं खाजगी आहे. निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. मुंबई हायकोर्टानं त्यांचा दावा मानला नाही. दहा वर्षं! पाण्याच्या एका ओंजळीला.

आता तर संविधान आहे. कलम १५ मध्ये रस्त्याचं नाव घेतलंय. मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं तो ३००-अ मध्ये गेला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं स्मशान, रस्ता, वाट असं नावानिशी घातलं, इतरांच्या बरोबरीनं वापरू दिलं नाही तर गुन्हा. हे मी बागायतदाराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग तुमच्या वाड्यातलं उद्यापास्नं कुणी खुरपायला येऊ नगा." म्हणजे त्यालाही कायदा कळतो. त्याचा कायदा कलमात नाही, मजुरीत आहे. चार घरं गप्प बसली. त्यांना मी नावं ठेवत नाही, चूल त्यांची आहे.

बाकीच्यांनी सह्या केल्या, बायांनी अंगठे उठवले. तहसीलातला लेखनिक अर्ज बघून म्हणाला, "'नम्र विनंती' लिहा की राव, साहेबांना बरं वाटतं." मी 'मागणी' लिहिलं होतं, ते तसंच ठेवलं. पोच घेतली. मोजणी पुढल्या महिन्यात आहे.