पाहुणे म्हणून आलेली जहाजं

डिसेंबर २००८. सोमाली चाच्यांनी एडनच्या आखातात धुमाकूळ घातला होता. व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी चीनने युद्धनौका पाठवल्या. आपलं नौदलही तिथे होतंच, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. पुढे चाचे थंडावले. चिनी तुकड्या मात्र आजही आळीपाळीने येतात.

त्यानंतरचा क्रम बघा. २०१४ मध्ये चिनी पाणबुडी दोनदा कोलंबोला येऊन गेली. चाच्यांच्या होड्या पकडायला पाणबुडी कशाला? २०१७ मध्ये जिबुतीत चीनचा परदेशातला पहिला लष्करी तळ सुरू झाला. त्याच वर्षी हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे ‘युआन वांग ५’ हे टेहळणी जहाज आलं.

जानेवारी २०२४ मध्ये आपण मोबाईलवर मालदीववर बहिष्कार टाकत होतो. पुढच्याच महिन्यात चीनचं संशोधन जहाज मालेला लागलं. अशी जहाजं पाण्याचं तापमान, खारटपणा, तळाची ठेवण मोजतात. ही माहिती विज्ञानाला लागते, तशीच पाणबुडी लपवायलाही लागते.

चीनचीही गरज आहे. त्याचं आखाती तेल याच समुद्रातून, मलाक्काच्या चिंचोळ्या वाटेने जातं. म्हणजे तो परत जाणार नाही, हे धरूनच चालायचं.

‘आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणणाऱ्यांनी नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला विचारावं. हुथींच्या हल्ल्यांमुळे २०२४ च्या हंगामात युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली. भाडं वाढलं, दिवस वाढले आणि माल नाशवंत. नाशिकला समुद्र नाही, तरी झळ बसलीच. ते काम एका सशस्त्र गटाचं होतं. महासत्तेने वाट अडवली तर?

आता आपला हिशेब. माझगाव डॉकमधल्या सहा पाणबुड्यांचा करार २००५ चा. पहिली नौदलात आली डिसेंबर २०१७ मध्ये, सहावी जानेवारी २०२५ मध्ये. वीस वर्षं! पाकिस्तान तर चीनकडून आठ पाणबुड्या घेतोय.

खासदार गावात आले की रस्ता, पाणी, वीज विचारतोच आपण. विचारायलाच हवं. एकदा हेही विचारा : साहेब, पुढची पाणबुडी कधी?