मानखुर्दचे खुराडे

सातारा-कोल्हापूरकडून रात्रीच्या एस.टी.ने मुंबईला जाणाऱ्यांना मानखुर्द ठाऊक असते ते अर्धवट झोपेत. वाशीचा खाडीपूल आला की गार वारा अंगावर येतो, चिखलाचा आणि खारट पाण्याचा वास येतो, आणि कोणीतरी म्हणते, "उठा, मुंबई आली." पहाटेच्या अंधारात आपल्या गाडीच्या बाजूने प्लॅस्टिकच्या जाळीदार खोक्यांनी भरलेले टेम्पो चाललेले असतात. खोक्यांतून पांढरी पिसे उडत असतात. आपल्याच जिल्ह्यातून निघालेल्या ब्रॉयलर कोंबड्या आपल्याबरोबरच मुंबईत शिरत असतात, पण आपले लक्ष पिशव्या सांभाळण्याकडे असते.

मीही इतकी वर्षे तसाच गेलो. गेल्या उन्हाळ्यात मात्र एका लग्नाच्या निमित्ताने मानखुर्दला उतरलो आणि चार रात्री राहिलो. आमची चुलत बहीण तेथे महाराष्ट्रनगरच्या बाजूला राहते. दाजी माथाडीत होते, आता घरीच असतात.

मानखुर्दविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढील गोष्ट त्या जागेशी बांधलेली आहे. मुळात ही वस्ती खाडीकाठची, कोळी-आगऱ्यांची. १९९२ साली खाडीवरून लोकल वाशीला गेली, तोवर या बाजूची गाडी मानखुर्दलाच संपत असे. एका अंगाला ट्रॉम्बेचे अणुसंशोधन केंद्र आणि अणुशक्तीनगरची झाडी, दुसऱ्या अंगाला देवनार. तेथला कत्तलखाना १९७१ सालचा, आणि कचऱ्याचे मैदान तर १९२७ पासूनचे. मुंबईने जे जे खाल्ले त्याचे उष्टे जवळजवळ शंभर वर्षे त्या बाजूला पडत आले आहे. आता डोक्यावरून मेट्रोचे खांब गेले आहेत, खाली मात्र गल्ल्या तशाच अरुंद आहेत. आणि त्या गल्ल्यांत, शहरातल्या माणसाला खरे वाटणार नाही, पण सकाळी कोंबडे आरवतात. गाव सोडून आलेल्या माणसाने कोंबडी सोडलेली नाही.

बहिणीकडे अकरा कोंबड्या होत्या. घरामागे भिंत आणि गटार यांच्यामधल्या हातभर जागेत, जुन्या फळ्या आणि आंब्याच्या पेट्या ठोकून केलेले खुराडे. अंडी गल्लीतच खपतात, गावठी म्हणून भावही बरा मिळतो. त्या पैशांतून नातीच्या शिकवणीची फी जाते, असे ती म्हणाली. आणि लगेच म्हणाली, "दादा, पण आता मोडावं लागतंय सगळं."

कारणे दोन. पहिले म्हणजे अंडी एकाएकी कमी झाली होती. कोंबड्यांचे तुरे फिके पडले होते, एक तलंग मेली होती, आणि संध्याकाळ झाली की कोंबड्या खुराड्यात शिरायलाच तयार होत नव्हत्या. पत्र्यावर, सायकलवर, कोठेही बसत, पण आत जात नव्हत्या. दुसरे कारण माणसांचे. गल्लीत माश्या फार झाल्या, शेजारच्या लहान मुलाला जुलाब झाले, आणि चार घरांनी मिळून सांगितले की आठ दिवसांत कोंबड्या काढा, नाहीतर आम्ही महापालिकेत अर्ज देतो. दाजींचे म्हणणे पडले की भांडण नको, विकून टाकू. बहीण गप्प होती. तिच्या मनात काय आहे ते दिसत होते.

कोंबडी संध्याकाळी घरात जात नाही, याचा अर्थ घरात रात्री काहीतरी असते. साप-मुंगुसाची खूण नव्हती. दिवसा फळ्या पाहिल्या, काही दिसले नाही. रात्री दहा वाजता बॅटरी घेऊन गेलो आणि बसायच्या काठीखालून पांढरा कागद ओढला. कागदावर मोहरीहूनही बारीक लाल ठिपके उतरले आणि चालू लागले. बोटाने दाबले तर रक्त.

ही रक्त पिणारी लाल कोळी-कीड. काटेकोर बोलायचे तर हा कीटक नव्हे, आठ पायांचा कोळी-गोचिडीच्या कुळातला जीव. दिवसभर फळीच्या फटीत दडून बसायचे, रात्री कोंबडीवर चढून रक्त प्यायचे आणि उजाडायच्या आत पुन्हा फटीत, हा तिचा क्रम. उपाशी असते तेव्हा करडी, प्यालेली असते तेव्हा लाल. उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. आणि खुराडे रिकामे ठेवले म्हणजे मरेल म्हणावे तर तसेही नाही, कित्येक महिने उपाशी तग धरते. देशावरच्या आपल्या गावांत हाच उद्योग चपटी गोचीड करते. ती भिंतीच्या भेगांत राहते आणि कोंबड्यांत ताप, हिरवट हगवण असा रोगही पसरवते. तिचा उपवास तर वर्षांच्या हिशेबात मोजायचा.

दाजी म्हणाले, "औषध मारून टाका की. तुम्ही त्याच खात्यातले."

येथे मला एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वाडीत अशाच खुराड्याला मी पिकावरचे उरलेले औषध पाण्यात घालून मारायला सांगितले होते. कोंबड्या बाहेर काढल्या होत्या, खुराडे वाळवलेही होते. पण सकाळी कोंबड्यांनी खाली पडलेले मेलेले किडे टिपले. दुपारपर्यंत चौदा कोंबड्या माना टाकून पडल्या. ते घर एका विधवा बाईचे होते. ती मला एक शब्दही बोलली नाही, उलट चहा केला. तो चहा मला अजून आठवतो. या वर्गातल्या कित्येक औषधांना पाखरे माणसापेक्षाही नाजूक असतात, हे मी पुस्तकात वाचलेले होते, पण सल्ला देताना ते माझ्या ध्यानी आले नाही. अशा कामाला सर्रास वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस तर २०२० च्या अखेरीस आपल्या देशात बंदच झाले. आणि येथे मानखुर्दला खुराड्यापासून चुलीपर्यंत अंतर चार पावलांचे होते. मी दाजींना नाही म्हटले.

मग सापळा केला. खोक्याचा नागमोडी पुठ्ठा घ्यायचा, ज्याच्या पोटात बारीक नळ्या असतात तो. त्याच्या वीतभर पट्ट्या कापून गुंडाळ्या केल्या आणि बसायच्या काठीच्या खालच्या बाजूला, दोन्ही टोकांशी, सुतळीने बांधल्या. या किडीला फट हवी असते. पोट भरून उतरताना तिला काठीलगत हजार फटी आयत्या मिळाल्या तर ती लांबच्या फळीपर्यंत कशाला जाईल? तिसऱ्या दिवशी दुपारी, कीड आत झोपलेली असताना, पट्ट्या सोडून थेट पिशवीत घातल्या आणि साबणाच्या उकळत्या पाण्यात बुडवल्या. पाणी तांबूस झाले. बहिणीने ते पाहिले आणि "एवढं रक्त!" म्हणून खालीच बसली.

पट्ट्या पाच-सहा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत, नाहीतर आतच अंडी फुटतात आणि आपण किडीला घर बांधून दिल्यासारखे होते. सापळा बसवून विसरणारा माणूस सापळा न लावणाऱ्यापेक्षा वाईट.

आता माश्यांचे. शेजाऱ्यांचा राग खोटा नव्हता, पण माशी कोठली हे कोणी पाहिले नव्हते. माशी काही किलोमीटरही उडते आणि देवनार तेथून फार दूर नाही. गल्लीच्या तोंडाशी एक ओला कचऱ्याचा कोपराही होता. मी काय केले, लग्नपत्रिकांचे पाठकोरे पांढरे पुठ्ठे कापले, पोस्टकार्डाहून थोडे लहान. दोन खुराड्याच्या छताखाली टाचले, दोन त्या कोपऱ्याजवळ पत्र्याखाली, एक शेजारणीच्या ओट्यावर, तिलाच विचारून. माशी बसते तेथे विष्ठेचा किंवा ओकारीचा बारीक ठिपका सोडते. हे ठिपके मोजले की माशी किती ते कळते. मोठ्या शेडमध्ये आठवड्याला एका कार्डावर शंभराच्या वर ठिपके पडू लागले तर काम हाताबाहेर चालले असे समजतात.

आम्हाला आठवडा नव्हता, तीनच दिवस होते. चौथ्या सकाळी ती शेजारीण, दाजी आणि मी चष्मे लावून ठिपके मोजायला बसलो. कचऱ्याच्या कोपऱ्यावरील कार्डांवर खुराड्याच्या दुपटीहून जास्त ठिपके निघाले. पण खरे सांगायचे तर खुराड्याचीही काही कोरी नव्हती. पाण्याचा डबा झिरपत होता आणि त्याच्याखालची शीट लापशीसारखी झाली होती. काडीने उकरले तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. शेजारीण म्हणाली, "म्हणजे आमचंही आणि तुमचंही." बहीण म्हणाली, "हो गं बाई." इतक्या दिवसांत त्या दोघी प्रथमच एकमेकींशी सरळ बोलल्या, असे मला दाजींनी नंतर सांगितले.

डबा बदलला. ओली शीट काढली आणि खाली भाताचा तूस व राख पसरली. उन्हाळ्यात माशीचे अंड्यापासून उडण्यापर्यंतचे सारे आयुष्य आठवडा-दहा दिवसांत उरकते, म्हणून शीट आठवड्यातून दोनदा तरी हलली पाहिजे. कोरड्या शीटेत माशी वाढत नाही. बाटलीचा सापळाही केला: प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत खोचायचा आणि तळाशी गुळाचे पाणी व चिमूटभर सुकट. मानखुर्दला सुकटीला तोटा नाही! बाटली खुराड्यात टांगायची नाही, कारण तिचा वास माश्यांना बोलावतो. ती लांब, कचऱ्याच्या अंगाला टांगली. दुपारपर्यंत तळ काळा झाला. पोरे तेवढ्यावर खूश होती, पण ओल तशीच ठेवून बाटल्या टांगणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतत बसणे आहे, हे मी त्यांना सांगितले.

परतीच्या दिवशी नाक्यावर एस.टी.ची वाट पाहत होतो. एका चिकनच्या दुकानासमोर टेम्पो रिकामा होत होता. जिवंत कोंबड्या उतरवल्या, रिकामे खोके तसेच पुन्हा वर चढले. खोड जिरत नाही म्हणतात ना, मी ड्रायव्हरला विचारून एक खोका वर्तमानपत्रावर आपटला. शीट, पिसे आणि त्यांत पळणारे सहा-सात काळे चकचकीत भुंगेरे. "धूत नाही का?" विचारले. तो म्हणाला, "पाणी कुठलं साहेब, रात्री परत भरायचेत." कोठे भरणार विचारले तर आमच्या शेजारच्या तालुक्याचे नाव सांगितले.

वाचकहो, त्या कागदाकडे पाहताना मला मानखुर्द वेगळेच दिसू लागले. आपण समजतो की येथून कोंबडी जाते आणि पैसे येतात. येताना हेही येते. हा भुंगेरा लिटरमध्ये, म्हणजे तुसाच्या गादीत राहतो. सांडलेले खाद्य, शीट, मेलेले पिल्लू, सारे खातो. पिल्ले खाद्य सोडून याच्या अळ्यांवर पोट भरतात आणि वजनात मागे राहतात. जुलाबाचे जंतू आणि पट्टकृमीही तो एका बॅचमधून दुसरीत नेतो. अळ्या जमिनीत नाहीतर भिंतीच्या भेगांत शिरून कोष करतात, म्हणून शेड झाडली तरी पुढल्या बॅचला तो हजर असतो.

यालाही पुठ्ठ्याचाच सापळा आहे. दीड इंची पाइपचे वीतभर तुकडे कापावेत, आत नागमोडी पुठ्ठ्याची गुंडाळी घट्ट बसवावी आणि ते भिंतीकडेला व खाद्याच्या भांड्यांजवळ लिटरवर आडवे ठेवावेत. कोंबड्यांनी लोळवू नयेत म्हणून खुंटीला बांधावेत. आठवड्याने पुठ्ठा उलगडून भुंगेरे आणि अळ्या मोजाव्यात, आकडा वहीत लिहावा. चार-पाच तुकड्यांनी शेड साफ होणार नाही. पण आकडा दर आठवड्याला चढतो आहे की उतरतो आहे ते कळते, आणि बॅच उचलल्यावर किती घाई करायची ते ठरते. कोंबड्या गेल्या की भुंगेरा ऊब शोधत भिंती चढू लागतो. लिटर त्याआधी, शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काढावे. आणि काढलेले लिटर शेडच्या मागेच ढीग घालून ठेवू नये, तेथून तो चालत परत येतो. लांब नेऊन झाकून कुजवावे.

खोक्यांचे म्हणाल तर माझे मत स्पष्ट आहे. व्यापाऱ्याचा टेम्पो फाटकाच्या आत घेऊ नये. फाटकाबाहेर एक पाण्याची टाकी, ब्रश आणि धुण्याचा सोडा ठेवावा आणि खोके धुऊनच आत घ्यावेत. व्यापारी कुरकुर करील. एकट्याने सांगितले तर पुढच्या दारी जाईल, म्हणून हे गावातल्या सगळ्या शेडवाल्यांनी एकदम सांगायचे आहे. आमच्या भागात तिघांनी सुरू केले आहे. चौथा अजून पुठ्ठेच मोजतो आहे. मोजू दे, आकडा त्याला सांगेल.

बहिणीचा फोन महिन्याभराने आला. आंब्याच्या पेट्यांचे खुराडे मोडून जाळले. दाजींनी लोखंडी नळ्यांचे केले, त्याच्या पायांखाली तेल-पाण्याच्या वाट्या ठेवल्या. चार कोंबड्या विकल्या, सात ठेवल्या, गल्लीने तेवढ्यांना हरकत घेतली नाही. कचऱ्याचा कोपरा मात्र अजून तसाच आहे. त्यासाठी शेजारणीने आणि तिने मिळून अर्ज दिला आहे. कोंबड्या तिन्हीसांजेला आपण होऊन आत जातात, आणि एक खुडूक बसली आहे.

"दादा, नऊ ठेवू का अकरा?" तिने विचारले.

अकरा ठेव, म्हटले. पण आधी कोंबडीच्या पंखाखाली बॅटरी मारून बघ.